स्लाइड उघडून पाहा: नागरी विमान वाहतूक महासंचालकांना खुले पत्र

माननीय महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली



मी निवृत्त विमान देखभाल अभियंता आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळालगत, कलिन्याच्या बाजूच्या हँगरांमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. त्यातली शेवटची बारा वर्षं मी स्लाइड शॉपमध्ये होतो. स्लाइड म्हणजे विमानातून जीव घेऊन पळायची वेळ आली की दारातून फुगत जमिनीपर्यंत सुटणारी घसरगुंडी. प्रवाशांना ती कधी दिसत नाही. दिसते ती दाराच्या आतल्या अंगाला, खाली असलेली फुगीर पेटी. विमानात शिरताना सगळे तिच्या अंगावरून जातात, बॅगा तिला घासतात, आणि आत काय आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हे पत्र लिहायचं माझ्या मनात 2025 च्या जूनपासून आहे. त्या महिन्यात बातमी आली की आपल्या खात्याने मे महिन्यात केलेल्या अचानक तपासणीत एका कंपनीची तीन एअरबस विमानं स्लाइडच्या तपासणीची मुदत उलटल्यावरही उडत असल्याचं आढळलं. एकाची तपासणी दोन दिवसांनी रखडली होती, दुसऱ्याची महिन्याहून अधिक, तिसऱ्याची तीन महिन्यांहून अधिक. आपण कंपनीला ताकीद दिलीत. पण बातमी आली तेव्हा अहमदाबादच्या विमान अपघाताला आठवडाच झाला होता. त्या अपघाताशी या स्लाइडचा काही संबंध नव्हता, आणि देश अशा दुःखात होता की ही बातमी कुणाच्या ध्यानात राहणं शक्यच नव्हतं. माझ्या मात्र राहिली. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाही. तीन महिने उलटलेल्या मुदतीसह एक विमान रोज प्रवासी घेऊन उडतं आणि ते कुठल्याही संगणकावर अडत नाही, तर हा दोष पद्धतीतला आहे. ती पद्धत बदलायचा अधिकार आपल्याकडे आहे.

आधी त्या पेटीत काय असतं ते सांगतो. आपल्याला हे माहीत असणारच, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत.

आमच्या शॉपमध्ये एक लांबलचक गुळगुळीत टेबल होतं. त्यावर स्लाइड पसरायची. टेबलापाशी यायच्या आधी बोटातली अंगठी, मनगटातलं घड्याळ, खिशातली किल्ली, सगळं काढून ठेवायचं, कारण त्या कापडावर एक ओरखडासुद्धा चालत नाही. कापड नायलॉनचं, त्यावर पॉलियुरेथेनचा थर, आणि वरून राखाडी-चंदेरी लेप. शेजारी आग लागली तर धग परतवायला तो लेप असतो. नळ्यांचे सांधे चिकटवलेले असतात. पावसाळ्यात कलिन्याची हवा अशी ओली असते की वाळत घातलेला रुमाल दोन दिवस वाळत नाही, म्हणून सांधा चिकटवायच्या आधी खोलीतली आर्द्रता मोजून वहीत लिहायची. ती मर्यादेपलीकडे असेल तर काम थांबायचं. कितीही घाई असो, थांबायचं. मग स्लाइड फुगवून काही तास तशीच ठेवायची आणि दाब किती उतरला ते पाहायचं. कुठे शंका आली की साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा, आणि एखादा बुडबुडा दिसला की त्याच्याभोवती खडूने गोल करायचा. शेवटी आतली हवा पूर्ण ओढून घ्यायची, टाल्कम पावडर भुरभुरायची आणि घडी घालायला घ्यायची.

घडी हे या कामातलं सगळ्यात अवघड अंग. पुस्तकात प्रत्येक पायरीचं चित्र असतं: इथून दुमडा, इथे दोरी ओवा, हा भाग वर ठेवा. ती दोरी अशी निवडलेली असते की दाब आला की ठरल्या क्रमाने तुटत जावी. घडी घालणाऱ्याच्या डोक्यात सतत एकच हिशेब चालू असतो, की बाहेर पडताना कुठला भाग आधी सुटला पाहिजे. माझे एक ज्येष्ठ सहकारी घडी घालताना कुणाशी बोलत नसत. फोन आला तरी घेत नसत. मधेच कुणी हाक मारली तर ते दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करत. त्यांचं ते वागणं मला सुरुवातीला अति वाटायचं. पुढे मीही तेच करू लागलो.

पेटीत किंवा तिच्या शेजारी सिलिंडर असतो. त्यात नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे तीन हजार पीएसआय दाबाने भरलेले असतात. स्कूटरच्या चाकात तीस-पस्तीस असतो, त्यावरून कल्पना यावी. पण स्लाइड फुगते ती बहुतांशी बाहेरच्याच हवेने. सिलिंडरमधला वायू अरुंद तोंडातून जोरात सुटतो आणि आपल्याबरोबर भोवतालची हवा आत ओढून नेतो. दार 'आर्म' केलेलं असलं की स्लाइडला जोडलेला आडवा दांडा, ज्याला आम्ही गर्ट बार म्हणतो, तो विमानाच्या जमिनीतल्या खोबणीत अडकलेला असतो. दार बाहेर गेलं की दांडा जागीच राहतो, पेटीतून घडी खेचली जाते, केबल ओढली जाते, व्हॉल्व्ह उघडतो. नेहमीच्या दारांवर हे सगळं सहा सेकंदांत व्हावं असा नियम आहे. पंचवीस नॉटचा वारा, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटरचा, कुठल्याही बाजूने येत असला तरी एका माणसाच्या मदतीने ती उभी राहिली पाहिजे, असाही नियम आहे. जुलैतल्या मुंबईत असा वारा काही दुर्मीळ नाही.

नव्वद सेकंदांचा नियम पुष्कळांनी ऐकलेला असतो. चव्वेचाळीसहून अधिक आसनांचं विमान, सगळे प्रवासी भरलेले, अंधार, आणि निम्मीच दारं वापरायची. तरी नव्वद सेकंदांत सगळे जमिनीवर. अमेरिकेत 1965 मध्ये ही मर्यादा 120 सेकंदांची होती, 1967 मध्ये नव्वदवर आली. 2006 च्या मार्च महिन्यात हॅम्बुर्गला एअरबस ए380 ची चाचणी झाली, तेव्हा सोळापैकी आठ दारांतून 873 माणसं 78 सेकंदांत बाहेर आली. दादरला गर्दीच्या वेळी लोकलचा डबा किती पटकन रिकामा होतो हे ज्याने पाहिलंय, त्याला हे अशक्य वाटणार नाही. फरक इतकाच, की दादरला खाली फलाट असतो. नेहमीच्या ए320 च्या दाराखाली सुमारे अकरा फुटांवर डांबर असतं.

या नियमातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निम्मी दारं बंद धरलेली असतात, कारण एका बाजूला आग असेल, पाणी असेल, मोडलेला पंख असेल. ती सूट अपघातासाठी दिलेली आहे. राहिलेल्या निम्म्या दारांवरची स्लाइड नक्की फुगेल असं गृहीत धरूनच नव्वद सेकंदांचा हिशेब जुळतो. देखभाल चुकल्यामुळे एखादी स्लाइड उघडली नाही, तर ते दार या उरलेल्या निम्म्यांतून वजा होतं.

आता ज्या रात्रीमुळे मी हे पत्र लिहितोय, ती सांगतो.

शॉपमध्ये येऊन मला दुसरंच वर्ष होतं. पावसाळा, रात्रपाळी, बाहेर मिठी नदीच्या बाजूला बेडकांचा आवाज. देशांतर्गत मार्गांवर उडणाऱ्या एका विमानाच्या मागच्या डाव्या दाराची स्लाइड ओव्हरहॉलसाठी उतरवायची होती. उतरवण्याआधी पहिलं काम असतं सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये सुरक्षा पिन घालण्याचं. पिन घातली की केबल चुकून ओढली गेली तरी वायू सुटत नाही. नाहीतर बंद जागेत स्लाइड फुगते आणि माणसाला भिंतीशी चेपते. पिनेला लाल पट्टी असते, आणि स्लाइड विमानावर बसवून झाली की ती पिन काढायची असते. मी गुडघ्यांवर बसलो, पेटीचं झाकण सैल केलं, टॉर्च दातांत धरला, खिशातली पिन काढली आणि बोटाने व्हॉल्व्हचं भोक चाचपलं.

भोकात आधीच एक पिन होती. लाल पट्टी चार पदरी दुमडून बाजूला नीट खोचलेली होती.

मी तसाच बसून राहिलो. माझा हेल्पर दोनदा विचारत होता, "साहेब, काय झालं?" मला उत्तर देता येईना. स्लाइड बसवल्याला सत्तावीस महिने झाले होते. रोजची पाच उड्डाणं धरली तरी चार हजारांवर उड्डाणं. चार हजार वेळा त्या दारापाशी बसलेल्या मुलीने दार आर्म केलं होतं, पलीकडच्या दाराशी ताडून पाहिलं होतं, कॅप्टनला कळवलं होतं. तिचं काम तिने चोख केलं होतं. प्रसंग आला असता तर तिने दार उघडलं असतं, घडी खाली कोसळली असती आणि तशीच मिटलेली लोंबकळली असती. तिने लाल हँडल ओढलं असतं, पुन्हा ओढलं असतं. मागून माणसं रेटत आली असती.

आणि महोदय, रोजच्या तपासणीत हे कधीच सापडलं नसतं. रोज पाहतात तो दाबाचा काटा. पेटीला बारीक खिडकी असते, तिच्यातून काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहायचं आणि पुढे जायचं. पिन आत असली तरी काटा हिरव्यातच राहतो. उलट पिन असली म्हणजे तो जास्तच खात्रीने हिरव्यात राहतो.

वर्क कार्ड काढलं. 'पिन काढली' या ओळीपुढे सही होती, शिक्का होता. सही करणाऱ्याला मी ओळखत होतो. त्याचा हात चांगला होता, मन लावून काम करणारा माणूस. स्लाइड बसवली त्या रात्री तो सलग दुसरी पाळी करत होता आणि पहाटेच्या पहिल्या उड्डाणाला विमान द्यायचं होतं. मी सापडलेलं लिहून दिलं. चौकशी झाली आणि त्याला घरी पाठवलं. पाळ्या होत्या तशाच राहिल्या. त्यानंतर आमच्याकडे कुणाला काही सापडलं की तो आधी आजूबाजूला बघायचा आणि मग ठरवायचा, हे कुणाला सांगायचं की नाही. मी खरं तेच लिहिलं होतं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण माझ्या त्या कागदामुळे पुढचे किती कागद लिहिलेच गेले नसतील, हा विचार निवृत्तीनंतरही मला सोडत नाही.

सही आणि वस्तुस्थिती यांच्यातलं हे अंतर माझ्या एकट्याच्या अनुभवातलं नाही. 1996 च्या मे महिन्यात अमेरिकेत मायामीजवळच्या दलदलीत व्हॅल्यूजेटचं विमान कोसळलं आणि 110 माणसं गेली. विमानाच्या पोटात जुने ऑक्सिजन जनरेटर भरलेले होते. त्यांना सुरक्षेची टोपणं बसवल्याची सही कार्डावर होती. टोपणं नव्हती.

आणि स्लाइडच्या पेटीमुळे काय होऊ शकतं याचं उदाहरण मँचेस्टरचं आहे. 22 ऑगस्ट 1985 ची सकाळ. ब्रिटिश एअरटूर्सचं बोइंग 737 सुट्टीसाठी निघालेल्या प्रवाशांना घेऊन कॉर्फूला चाललं होतं. धावपट्टीवर वेग घेतानाच डावं इंजिन फुटलं, इंधन पेटलं. वैमानिकांनी विमान थांबवलं. पर्सरने पुढचं उजवं दार उघडायला घेतलं. दार थोडं सरकलं आणि अडकलं. स्लाइडच्या पेटीचं झाकण निसटून दाराच्या चौकटीत रुतलं होतं. त्याने ते सोडून डावं दार उघडलं, मग परत उजव्याकडे येऊन खटपट करून ते उघडलं. तोवर विमान थांबल्याला मिनिटाहून अधिक वेळ झाला होता. विमानातल्या 137 जणांपैकी 55 जण गेले, बहुतेक धुराने. त्यांच्या मृत्यूला अनेक कारणं होती, आग, पंखावरच्या दाराशी झालेली कोंडी, आसनांच्या गाद्यांचा विषारी धूर, आणि त्या अपघाताने जगभरचे नियम बदलले. पण मी स्लाइडचा माणूस. माझ्या मनात येतं ते एक झाकण. ते कापड नव्हतं, वायू नव्हता. शॉपच्या टेबलावर ती स्लाइड शंभर वेळा तपासली असती तरी त्या झाकणाचं दाराच्या चौकटीशी काय होतं ते कळलं नसतं.

माझं जे मागणं आहे ते यातूनच येतं. आपण स्लाइड उतरवतो, शॉपमध्ये नेतो, तिथे तपासतो, आणि ती चांगली आहे असं प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र खरं असतं. पण आग लागते तेव्हा नुसती स्लाइड उघडत नाही. दार, दांडा, खोबणी, झाकण, केबल, पिन, सगळं एकत्र उघडतं, आणि दोष बहुधा या जोडांमध्ये लपलेला असतो. तो विमानावरच दिसतो, दार खरोखर ढकलल्यावर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2000 साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1997 ते 1999 या काळात प्रवासी विमानांतून झालेल्या 46 तातडीच्या निर्गमनांची त्यांनी छाननी केली. त्यातल्या 19 प्रसंगांत स्लाइड वापरल्या गेल्या आणि 19 पैकी सात प्रसंगांत निदान एका स्लाइडने दगा दिला. सदतीस टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ती पिन आठवली. मंडळाने शिफारस केली की बारा महिने प्रत्येक कंपनीने आपल्या ताफ्यातल्या प्रत्येक प्रकारच्या दहा टक्के विमानांवर, निदान एका विमानावर, सगळी निर्गमन व्यवस्था विमानावरच, नियंत्रित वातावरणात चालवून दाखवावी, काय चुकलं आणि का चुकलं हे लिहावं, आणि ते नियामकाला कळवावं.

हीच शिफारस आपण आपल्या देशात लागू करावी, अशी माझी पहिली विनंती आहे. बारा महिने, दहा टक्के, आणि निकाल आपल्याकडे.

कंपन्या म्हणतील, खर्च परवडणार नाही. त्यांना मी त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. साधारण तीन वर्षांनी प्रत्येक स्लाइड उतरवून, उलगडून, पुन्हा घडी घालावीच लागते. म्हणजे घडी मोडायचा खर्च ठरलेलाच आहे. मग ज्या विमानाची स्लाइड उतरवायची वेळ आलीच आहे, ते हँगरमध्ये मोठ्या तपासणीसाठी उभं असताना, दार आर्म करा, बाहेर जागा मोकळी ठेवा, एक माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा करा, एक कॅमेरा लावा आणि दार उघडा. उघडली तर सेकंद लिहा. नाही उघडली तर कारण शोधा. वायू पुन्हा भरायचा खर्च येईल, कापडावर थोडा ताण येईल, दोनेक तास जातील. नागपूरला मिहानमध्ये मोठी देखभाल सुविधा आहे, मुंबईत आहेत, हैदराबादेत, बंगळुरूत आहेत. जागेची अडचण नाही. 2024 च्या जुलैपासून विमानांच्या सुट्या भागांवरचा कर सगळीकडे सारखा पाच टक्के झाला आहे, म्हणजे ही कामं देशात व्हावीत अशी सरकारचीही इच्छा दिसते. तेव्हा ही चाचणीही देशातच, आपल्या अधिकाऱ्याच्या समोर व्हावी.

अशा नमुना चाचण्या काही कंपन्या आपणहून घेतात, हे मला माहीत आहे. पण निकाल कंपनीच्या फायलीत राहतो. एका कंपनीच्या विमानात झाकण रुतलं, तर त्याच प्रकारची विमानं उडवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या शॉपलाही ते कळलं पाहिजे. म्हणून दुसरी विनंती: वर्षातून एकदा आकडे छापा. किती स्लाइड विमानावर उघडून पाहिल्या, किती ठीक उघडल्या, किती सेकंदांत, किती उघडल्या नाहीत, कशामुळे. गेटवर चुकून उघडलेल्या स्लाइडसुद्धा मोजा. त्या कंपनीला महाग पडतात, उड्डाण रद्द होतं, केबिन क्रूला बोलणी खावी लागतात. पण देखभालीच्या दृष्टीने ती आपोआप मिळालेली चाचणी असते. ती नीट फुगली का, हे कुणी लिहून ठेवतं का?

तिसरी गोष्ट मुदतीची. बँकेच्या कर्जाचा हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर मेसेज येतो. स्लाइडची मुदत टळली की तसंच झालं पाहिजे: त्या विमानाचं नाव दुसऱ्या दिवसाच्या वेळापत्रकात येऊच नये. आपल्या अधिकाऱ्याने तीन महिन्यांनी अचानक जाऊन शोधून काढावं लागू नये. आणि अधिकारी तरी किती आहेत आपल्याकडे? आपल्या खात्यातल्या मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याचं संसदेच्या स्थायी समितीनेच 2025 मध्ये म्हटलं आहे. ही पदं भरणं एकट्या आपल्या हातात नाही, हे मला समजतं. तरी आपण ते मोठ्याने मागत राहिलं पाहिजे, आणि त्या मागणीत आम्ही निवृत्त माणसं आपल्या बाजूने उभी राहू.

चौथी गोष्ट त्या माणसाची, ज्याला घरी पाठवलं. वैमानिकांच्या ड्युटीचे तास आपण मोजता, त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा होते, आणि ते योग्यच आहे. पहाटे चार वाजता शिक्का मारणाऱ्या हाताचे तासही तितक्याच कडकपणे मोजले जावेत. आणि जो स्वतःची किंवा सहकाऱ्याची प्रामाणिक चूक आपणहून कळवेल, त्याची नोकरी त्या कळवण्यामुळे जाणार नाही, असं लेखी संरक्षण त्याला आपल्याकडून मिळावं. मुद्दाम खोटी सही करणाऱ्याला मी यात धरत नाही. मी धरतोय तो दुसऱ्या पाळीत डोळे चोळत 'पिन काढली' असं वाचून, आपण ती काढलीच आहे असं मनापासून समजून सही करणारा माणूस. त्याला वाचवलं तरच पुढची पिन सापडेल.

स्लाइडखेरीजही पुष्कळ काही आहे, पण ते थोडक्यात सांगतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. ए350 मधले 379 जण मात्र सगळे बाहेर आले, आणि तेही आठपैकी फक्त तीन दारांतून. केबिनमधली घोषणा यंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोन वापरले. तो मेगाफोन वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षं पडून असतो. त्याची बॅटरी कुणीतरी वेळच्या वेळी तपासली होती, म्हणून त्या धुरात आवाज पोहोचला. जमिनीलगतचे दिशादर्शक पट्टे, धुरात घालायचे हूड, टॉर्च, आसनाखालची लाइफ जॅकेटं, ही सगळी अशीच दुर्लक्षात राहणारी सामग्री आहे. लाइफ जॅकेटं तर प्रवासी चक्क घरी घेऊन जातात. कुणी एक जॅकेट नेलं तर त्या आसनावर पुढे बसणाऱ्याचं जॅकेट गेलं, हे विमानात शिरताना सांगितलं जायला हवं.

आणि एक चांगली आठवणही सांगायची राहिली. 14 सप्टेंबर 2022 ला मस्कतहून कोचीला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या इंजिनातून धावपट्टीकडे जाताना धूर निघू लागला. 141 प्रवासी आणि सहा कर्मचारी स्लाइडवरून खाली उतरले. टीव्हीवर ती दृश्यं पाहताना आमच्या घरचे प्रवाशांकडे बघत होते आणि मी स्लाइडकडे. नळ्या ताठ होत्या, टोक जमिनीला नीट टेकलं होतं. कुठल्या तरी शॉपमध्ये कुणीतरी ती घडी घालताना फोन घेतला नसेल.

महोदय, उत्तर लिहायला आपल्याला वेळ मिळाला नाही तरी चालेल. मला एकच आकडा छापलेला हवा आहे: गेल्या बारा महिन्यांत देशात किती स्लाइड विमानावर उघडून पाहिल्या, आणि त्यातल्या किती उघडल्या नाहीत. तो आकडा शून्य असेल तर तसं छापा. वीस असेल तर वीस छापा. आणि पहिली चाचणी मुंबईत ठेवलीत तर स्टॉपवॉच धरायला मी स्वखर्चाने येईन. अजून हात थरथरत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
डोंबिवली